दोन पाळकांच्या मधला काळ

मागच्या रविवारी आमच्या मंडळीत नव्या पाळकसाहेबांचं स्वागत झालं. हार झाले, शाल झाली, जरा लांबलेली भाषणं झाली आणि मग प्रेमभोजन. सगळं उरकल्यावर मी भाड्याची पातेली मोजत होतो. तेवढ्यात आमच्या कमिटीतले एक काका शेजारच्या खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे. अकरा महिने नुसते फुकट गेले."

काकांवर माझा जीव आहे, त्यामुळे तिथे काही बोललो नाही. पण ते वाक्य आठवडाभर डोक्यात राहिलं, कारण मला नेमकं उलट वाटतं. त्या अकरा महिन्यांत आमचं जे नुकसान झालं ते पाळक नव्हते म्हणून झालं नाही. तो काळ कसा काढायचा हे आम्हाला कळलं नाही म्हणून झालं. 'आम्हाला' म्हणजे मुख्यतः मला. आजचं हे लिखाण त्याबद्दलच.

ज्यांना चर्चची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. मराठी ख्रिस्ती लोकांत 'मंडळी' म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारी सगळी माणसं, आणि त्यांची काळजी घेणारा तो पाळक. आमची मंडळी कुंभवलीत भरते, बोईसर-तारापूर एमआयडीसीला लागून. पंचेचाळीस एक घरं, भाड्याचा हॉल, एक हार्मोनियम, एक ढोलकी. पिढीजात मराठी ख्रिस्ती घरं आहेत (नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेली), जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं आहेत, आणि माझ्यासारखे रोज विरारमार्गे मुंबईला लटकत जाणारे लोकही आहेत. पाळकांची नेमणूक वरून होते. पाळक कमी आणि मंडळ्या जास्त, त्यामुळे एकाची बदली झाली की दुसरा लगेच मिळेलच असं नाही. आमचे पाळकसाहेब नऊ वर्षं राहिले, मग त्यांची बदली झाली आणि पुढचा माणूस यायला अकरा महिने लागले. मधल्या काळात मंडळी चालवायची जबाबदारी कमिटीवर, आणि कमिटीचा सेक्रेटरी मी. निवड कशी झाली? माझ्याकडे लॅपटॉप आहे म्हणून!

आता सॉफ्टवेअरवाल्याला बदली, राजीनामा, नोटीस पीरियड यांचं कसलं आलंय अप्रूप. दर सहा महिन्यांनी टीममधून कोणीतरी जातो. दोन आठवडे केटी घ्यायची, डॉक्युमेंट लिहून घ्यायची, अ‍ॅक्सेस बदलायचे, केक कापायचा, संपलं. मी तेच केलं. पाळकसाहेबांबरोबर दोन संध्याकाळी बसून यादी बनवली. हॉलच्या चाव्या, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं, बँकेचं पासबुक, हॉलमालकाचा नंबर, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याचा नंबर. एक्सेलमध्ये सगळं रंगीबेरंगी. मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पाळकसाहेब ती यादी बघून हसले आणि म्हणाले, "छान केलंय. लोकांचं काय?" मी म्हटलं, लोकांचे फोन नंबर दुसऱ्या शीटवर आहेत.

पुढे काय झालं ते सांगतो. पहिले सहा आठवडे बरे गेले. महिन्यातून एकदा जवळच्या मंडळीचे पाळक येऊन प्रभुभोजनाचा विधी करत, बाकीच्या रविवारी वडीलमंडळींपैकी कोणीतरी उपदेश करायचं. मग मला वाटलं, आता एवढं हातात आहेच तर काही सुधारणाही करून घेऊ. आमची उपासना सकाळी आठला असायची. माझ्या वयाच्या लोकांची कायम तक्रार की आठवड्यातून एक दिवस झोपायला मिळतो तर आठला कोण येणार. कमिटीत विषय काढला, दोघातिघांनी माना डोलावल्या, आणि उपासना साडेदहाला नेली. निर्णय व्हायला वीस मिनिटंसुद्धा लागली नसतील.

आकडे लगेच वाढले. साठ-पासष्टच्या जागी पंचाहत्तर-ऐंशी माणसं यायला लागली. मुलांना घेऊन जोडपी यायला लागली. मी चक्क ग्राफ काढून कमिटीला दाखवला.

त्या ग्राफमध्ये एक गोष्ट दिसत नव्हती. आमच्याकडे कारखान्यात रात्रपाळी करणारे चार-पाच जण आहेत. रात्रपाळी सकाळी सातला सुटते. ते गेटबाहेर चहा घ्यायचे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, आणि आठला येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. उपदेशात त्यांचा डोळाही लागायचा. पाळकसाहेबांनी त्यांना कधी टोकलं नाही. उपासना संपली की ते दारात उभे राहायचे, एकेकाचा हात हातात घ्यायचे आणि काहीतरी विचारायचे. साडेदहापर्यंत ती माणसं जागी कशी राहणार? ती यायची बंद झाली. एकानेही तक्रार केली नाही आणि आमच्याही लक्षात आलं नाही. कारण लक्षात येणं हे ज्याचं काम होतं तो माणूस बदलून गेला होता, आणि ते काम माझ्या यादीत नव्हतं.

त्यांच्यापैकी एका भाऊंची आई जव्हारकडच्या गावी वारली. आम्हाला कळलं आठ दिवसांनी, तेसुद्धा चहाच्या टपरीवर, सहज बोलता बोलता. गावातल्या चार माणसांनी प्रार्थना करून माती दिली होती. मी घरी भेटायला गेलो. भाऊंच्या बोलण्यात राग नव्हता. ते एवढंच म्हणाले, "साहेब, वेळ बदलली ना, मला वाटलं आता ती आपल्यासारख्यांची वेळ राहिली नाही."

आई वर्षभर आजारी होती. पाळकसाहेबांना ते माहीत होतं. दर रविवारी दारात उभं राहून ते तेच विचारायचे.

त्या रात्री मला काही झोप लागली नाही. आणि मग अशा वेळी इंजिनिअर माणूस जे करतो तेच मीही केलं. हा प्रॉब्लेम आपल्याआधी कोणाकोणाला आलाय ते शोधायला बसलो.

सगळ्यात आधी सापडले आमचे शेजारीच. पालघर आणि बोईसरचा हा सगळा पट्टा कॅथलिकांच्या वसई धर्मप्रांतात येतो. (आम्ही कॅथलिक नाही, पण शेजाऱ्याकडून शिकायला काय हरकत आहे?) हा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. २००९च्या एप्रिलमध्ये त्यांची पुण्याला नेमणूक झाली. वसईसाठी पुढचं नाव जाहीर झालं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, फेलिक्स मच्याडो यांचं. पण ते तेव्हा नाशिकचे बिशप होते. म्हणजे आता नाशिक रिकामं. नाशिकला २०१०च्या नोव्हेंबरमध्ये लूर्ड्स डॅनियल यांची नेमणूक झाली, ते अमरावतीहून. म्हणजे अमरावती रिकामी, आणि तिथला पुढचा बिशप नेमला गेला २०१२ मध्ये. पुण्याची एक जागा भरायला घेतली आणि तीन वर्षं महाराष्ट्रभर खुर्च्या सरकत राहिल्या. आपल्या इंडस्ट्रीत एका आर्किटेक्टने कंपनी बदलली की जे होतं, अगदी तेच.

मला गंमत वाटली ती याची, की एवढ्या काळात तिथे कोणी गडबडून गेलं नाही. कारण अशा मधल्या काळासाठी त्यांच्याकडे नियम आहेत, शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेले. आज लागू असलेली कॅथलिक धर्मसंहिता १९८३ची आहे. तिच्यात असं आहे की बिशपची जागा रिकामी झाली की आठ दिवसांच्या आत ठरावीक धर्मगुरूंच्या मंडळाने एक प्रशासक निवडायचा. त्याचं वय किमान ३५ हवं. हिशेब सांभाळणारा आणि प्रशासक हे एकच असू शकत नाहीत. कचेरीतला कुठलाही कागद काढून टाकायचा किंवा बदलायचा नाही. जागा वर्षभर रिकामी राहिल्याशिवाय प्रशासकाने धर्मग्रामांवर नवे प्रमुख धर्मगुरू नेमायचे नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जागा रिकामी असताना काहीही नवं करायचं नाही. साध्या एका चर्चपुरतीही व्यवस्था आहे. तिथे मधल्या काळात नेमलेल्या धर्मगुरूने येणाऱ्याच्या हक्कांना बाध येईल असं काही करायचं नाही, आणि तो आला की त्याला हिशेब द्यायचा.

काहीही नवं करायचं नाही! आम्ही याला कोड फ्रीज म्हणतो. मोठ्या रिलीजच्या आधी, किंवा सिस्टीमची सगळी माहिती असलेला माणूस सुट्टीवर असताना, प्रोडक्शनला हात लावायचा नाही. हा नियम मी ऑफिसात ज्युनियर पोरांना ओरडून ओरडून शिकवलाय. आणि कुंभवलीत येऊन सहाव्या आठवड्यात स्वतःच मोडला.

पण हा नियम कशासाठी आहे? आधी मला वाटलं, सत्तेसाठी. नव्या साहेबाला येताच भांडणं नकोत, त्याच्या अधिकारावर अतिक्रमण नको. तेही असेलच. पण रात्रपाळीवाल्या भाऊंना भेटून आल्यावर दुसरं कारण लक्षात आलं. प्रमुख नसतो तेव्हा निर्णय आपोआप त्यांच्या बाजूने झुकतात जे मीटिंगला हजर असतात आणि ज्यांना बोलता येतं. पाळक हा गैरहजर माणसांच्या वतीने मीटिंगला बसलेला असतो. तो नसला की त्या माणसांची खुर्ची रिकामी होते, आणि ती रिकामी झाल्याचं कोणाला दिसतही नाही. म्हणून मोठे निर्णय थांबवायचे. ते निर्णय वाईट असतील म्हणून नव्हे. त्यातून कोण सुटतंय हे पाहणारा कोणी नसतो म्हणून.

बायबलमध्ये याची एक फार जुनी गोष्ट आहे, निर्गमच्या ३२व्या अध्यायात. मोशे सीनाय डोंगरावर गेलेला, चाळीस दिवस झाले तरी खाली येईना. लोक अस्वस्थ झाले आणि अहरोनाकडे गेले. अहरोन म्हणजे मोशेचा भाऊ, मधल्या काळाचा प्रभारी. लोकांनी मागणी केली आणि त्याने 'थांबा' म्हणायच्या ऐवजी त्यांच्या कानांतलं सोनं गोळा केलं आणि वासरू ओतून दिलं. लहानपणापासून ही मूर्तिपूजेची गोष्ट म्हणून ऐकत आलोय. आता मला ती प्रभारी माणसाची गोष्ट वाटते. अहरोन दुष्ट नव्हता. त्याला फक्त समोरचे लोक खूश हवे होते, आणि काहीतरी करून दाखवायचं होतं. मोशेने खाली आल्यावर जाब विचारला, तर याचं उत्तर काय, तर मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! 'माझ्या मशीनवर तर चालत होतं' म्हणणाऱ्यांचे मूळपुरुष हेच असावेत.

बरं, मग नुसतं हातावर हात ठेवून बसायचं का? अजिबात नाही. मीही तिथे थोडा अडकलो होतो. नवं काही करायचं नाही याचा अर्थ काहीच करायचं नाही असा नसतो. जे चालू होतं ते चालूच ठेवायला उलट जास्त हात लागतात, कारण एक माणूस जे करायचा ते आता दहा जणांना करावं लागतं.

इथे मला एका गोवेकराची आठवण होते. जोसेफ वाझ, जन्म १६५१, गाव बाणावली. डचांनी श्रीलंकेतलं जाफना १६५८ साली पोर्तुगीजांकडून घेतलं आणि तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिलं. हे ऐकून वाझ १६८७ मध्ये वेष पालटून तिकडे गेले. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं तिथले कॅथलिक धर्मगुरूशिवाय होते, आणि तरी संपले नव्हते. घराघरांत चोरून प्रार्थना चालू होती. वाझ यांनी तिथे काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. एवढ्या मोठ्या बेटावर आपण सगळीकडे पुरणार नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी गावोगावची साधी माणसं उभी केली. प्रार्थना चालवणारा, मुलांना शिकवणारा, आजाऱ्याकडे जाणारा. वाझ १७११ मध्ये कँडीला वारले, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून जाहीर केलं. पण मला विचाराल तर त्यांचा मोठा चमत्कार हाच, की आपण नसलो तरी चालेल अशी व्यवस्था त्यांनी आपण असतानाच लावली. आमच्या भाषेत बस फॅक्टर वाढवला! (एक माणूस बसखाली आला तर प्रोजेक्ट बंद पडेल का, याच्या हिशेबाला आम्ही बस फॅक्टर म्हणतो. अभद्र शब्द आहे, पण चपखल.)

आणि श्रीलंकेला तरी कशाला जायचं? मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले आणि इथली जबाबदारी मोजक्या देशी धर्मगुरूंवर आली. ज्यांचं आख्खं चर्च परक्या माणसांच्या जिवावर चाललंय असं वाटत होतं, त्या वसईत आज पावणेतीनशे वर्षांनंतरही सामवेदी आणि वाडवळी बोलणारी ख्रिस्ती गावं आहेत. आपल्या बोलीसकट, आपल्या शेतीवाडीसकट. घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला पगारी माणूस लागत नाही, एवढंच त्याचं उत्तर असावं.

अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तर या मधल्या काळाचं शास्त्रच केलंय. लॉरेन मीड नावाचे एक धर्मगुरू होते, त्यांनी १९७४ साली अल्बन इन्स्टिट्यूट नावाची संस्था काढली. पाळक बदलण्याच्या काळात मंडळ्यांचं नेमकं काय होतं याचा तिथे बारकाईने विचार झाला. त्याच सुमाराला तिकडे मुद्दाम मधल्या काळापुरता, त्याचं शिक्षण घेतलेला पाळक नेमायची पद्धत रुजली. त्याने पाच गोष्टींकडे बघायचं. मंडळीचा आजवरचा इतिहास नीट स्वीकारणं, आज आपण कोण आहोत हे ओळखणं, आतल्या जबाबदाऱ्या नव्या हातांत जाऊ देणं, व्यापक चर्चशी असलेलं नातं तपासणं, आणि येणाऱ्या माणसाचं मनापासून स्वागत करायची तयारी करणं. शिवाय एक पथ्य सहसा पाळलं जातं. मधल्या काळाचा पाळक त्याच मंडळीचा कायमचा पाळक होत नाही. का ते उघड आहे. ज्याला ती खुर्ची हवी आहे तो लोकांना खूश करणार, आणि मग वासरू ठरलेलंच.

आमच्याकडे असा शिकलेला माणूस मिळण्याची शक्यता शून्य. पण त्यातलं जमेल तेवढं आम्ही केलं. पहिलं म्हणजे मी कमिटीसमोर उभा राहून वेळेचा निर्णय माझ्या आग्रहाने झाला होता आणि तो चुकला, असं सांगितलं. उपासना परत आठला आणली. पंचाहत्तरची पासष्ट झाली, काही जण माझ्यावर रुसले, ते योग्यच होतं. वेळ बदलायची की नाही ते नवे पाळक आल्यावर, सगळ्यांना विचारून ठरेल, असं ठरलं. पैशांचं काम माझ्याकडे नको म्हणून सांगितलं. खजिनदार वेगळा, अर्पण मोजताना कमिटीबाहेरची दोन माणसं.

मग घरं वाटून घेतली. पंचेचाळीस घरं, पंधरा जण, प्रत्येकाकडे तीन. महिन्यातून एकदा जायचं, चहा प्यायचा, प्रार्थना करायची. मी सवयीप्रमाणे विचारलं, भेटीचा रिपोर्ट कुठे भरायचा? त्यावर आमच्या महिलामंडळातल्या एक मावशी असं काही बघत राहिल्या की मी गप्प बसलो. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कोणाचा नवरा पितो, कोणाचा मुलगा घरी बोलत नाही, कोणावर कर्ज आहे, हे पाळकाला माहीत असतं आणि म्हणूनच ते कागदावर नसतं. याची केटी होत नाही, होऊही नये. ही माहिती एका विश्वासातून दुसऱ्या विश्वासात जाते आणि त्याला चहाचे बरेच कप लागतात.

दारात उभं राहायचं कामसुद्धा वाटून घेतलं. हे सगळ्यांत अवघड गेलं. उपासना संपल्यावर दारात उभं राहून प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि नुसतं 'सलाम, कसे आहात' न म्हणता काहीतरी खरं विचारायचं. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की निम्म्या माणसांची नावंच मला येत नाहीत. ही माणसं माझ्या एक्सेलमध्ये चार महिने होती.

आता यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही बिनबुडाचे नाहीत.

पहिला, हे सगळं ठीक आहे, पण पाळक लवकर आणणं हाच खरा उपाय नाही का? वर खेटे घालायचे, ओळखी लावायच्या. आमच्यातही दोन गट पडले होते. एकाला मागच्या पाळकसाहेबांसारखाच माणूस हवा होता, दुसऱ्याला अगदी त्यांच्या उलट. दोघेही येणाऱ्या माणसाबद्दल बोलत नव्हते, गेलेल्या माणसाबद्दल बोलत होते. नऊ वर्षांत कोणाला लागलेली माया, कोणाचा साठलेला राग, सगळं बाहेर पडत होतं. ते बाहेर पडायला वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यात नवा माणूस आला असता तर बिचाऱ्याला पहिलं वर्ष फक्त 'आधीचे असं करायचे' एवढंच ऐकावं लागलं असतं. अर्थात मुद्दाम उशीर करावा असं मी म्हणत नाही. अकरा महिने जास्तच होते, दोन कुटुंबं सोडूनही गेली. पण उशीर होणारच असेल तर तो नुसता सोसायचा की वापरायचा, एवढं आपल्या हातात असतं.

दुसरा आक्षेप माझ्या एका मित्राचा, जो कधी चर्चमध्ये येत नाही. त्याचं म्हणणं, घरं वाटून घेतलीत, उपदेश वाटून घेतलात, दारात उभं राहायलाही शिकलात, मग आता पाळक हवाच कशाला? ओपन सोर्स करा की! प्रश्न मजेशीर आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. उत्तर असं, की आम्ही पंधराही जण कुठल्या ना कुठल्या बाजूचे आहोत. मी मुंबईला नोकरी करणाऱ्यांचा, काका जुन्या घराण्यांचे, मावशी महिलामंडळाच्या. आम्ही कितीही प्रामाणिक असलो तरी आमच्याकडे तक्रार घेऊन येणारा आधी विचार करतो, हा कोणाचा? पाळक बाहेरून येतो, कोणाचाच नसतो, म्हणून सगळ्यांचा होऊ शकतो. कामं वाटता येतात. ती जागा वाटता येत नाही. पण ती जागा रिकामी असताना तिच्याभोवतीची कामं कोणाची होती हे कळलं, की पुढच्या पाळकाला आपण जरा कमी दमवू.

तर, काकांना मला एवढंच सांगायचं होतं की ते अकरा महिने फुकट नाही गेले. सुरुवातीचे काही मी घालवले. बाकीच्यांत निदान पंधरा जणांना तीन-तीन घरांची नावं पाठ झाली.

स्वागताच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवे पाळकसाहेब माझ्याकडे आले. मी त्यांच्यासमोर चाव्या, रजिस्टरं, पासबुक ठेवलं, अकरा महिन्यांचा हिशेब ठेवला. वेळेचा निर्णय, तो कोणी घेतला आणि कोणी मागे घेतला, तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, फाइल बंद केली आणि विचारलं, "मी आधी कोणाकडे जाऊ?"

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. भाऊंची रात्रपाळी चालू होती, म्हणून आम्ही साडेसहालाच निघालो, ते डबा भरून बाहेर पडायच्या आत.